डोंगरासाठी मशीन

आमच्या इमारतीतले शांतारामदादा खिशात कोनमापक घेऊन फिरतात. शाळेच्या कंपासपेटीतला, अर्धगोल, पारदर्शक. त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओवलाय आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट लटकवलाय. कुठं जरा उतार दिसला की दादा थांबतात, कोनमापक टेकवतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात. "अकरा." मग कोनमापक खिशात आणि दादा पुढं चालू लागतात.

आमच्या इमारतीचा जिना, बुद्धविहाराच्या पायऱ्या, दवाखान्यातली स्ट्रेचर न्यायची घसरगुंडी, सगळ्यांचे आकडे त्यांना पाठ आहेत. माझ्या पुतणीच्या लग्नात ते आहेर घेऊन आले आणि आधी स्टेजवर चढायची फळी मोजून आले. "बावीस आहे," मला बाजूला घेऊन म्हणाले, "नवरीच्या चपला गुळगुळीत असतील तर तिला सांगून ठेवा." मी म्हटलं, दादा, आज तरी गप जेवा. ते जेवले. पण वराकडचे एक जाडजूड मामा त्याच फळीवरून घसरले तेव्हा दादांनी जिलबीचा घास हातात तसाच धरून माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तोंड लपवावं लागलं.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, इमारतीच्या तळमजल्यावर. दादा दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. वय त्रेसष्ट, उंची सहा फूट, खांदे असे की आमच्या अरुंद जिन्यात त्यांना जरा तिरकं होऊनच चढावं लागतं. आयुष्य गेलं यंत्रमागाच्या कारखान्यात. माग बंद पडला की तो चालू करून देणाऱ्या माणसाला इथं जॉबर म्हणतात, आणि दादा नुसते जॉबर नव्हते, भिवंडीतले नावाजलेले जॉबर होते. त्यांचा कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले, तरी अजून शेलारपासून कुठून कुठून हाका येतात. "दादा, चार नंबर ऐकत नाही." मग दादा पान्यांची पिशवी उचलतात आणि जातात. पाने म्हणजे नटबोल्टचे पाने, खायची नव्हेत. तंबाखूसुद्धा खात नाहीत बिचारे.

आता असा माणूस उतार मोजत का फिरायला लागला, तर त्याच्या मुळाशी एक डोंगर आहे.

अंबाडीवरून गणेशपुरीकडे जाताना आत एक गाव लागतं. तिथं दादांची थोरली बहीण राहते. ते तिला बाय म्हणतात, म्हणून मीही बाय म्हणते. बाय सत्तरीची. तरुणपणीच विधवा झाली, मूलबाळ नाही, माहेरी परत आली ती तिथलीच झाली. घराच्या मागं या भावंडांचा डोंगरउतार आहे. वरच्या अंगाला थोडी सपाटी, तिथं नाचणी व्हायची. बायनं पन्नास वर्षं तो उतार कोयत्यानं साफ ठेवला. तीन वर्षांपूर्वी ती पडली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. कोयता धरवेना. झालं, घाणेरीला, त्या रानटी झुडपाला, तेवढंच हवं होतं. एका पावसाळ्यात तिनं पायवाट गिळली, दुसऱ्यात सपाटी गिळली. बाय परसाकडच्या ओट्यावर बसून बघत राहायची.

आणि मग गॉगलवाला यायला लागला. इकडं गोडाऊनं उठतायत ना, त्यांच्या भरावाला मुरूम लागतो, आणि मुरूम डोंगरातून येतो. हा त्यातला दलाल. मोटरसायकलवरून यायचा, गॉगल न काढता बोलायचा. "पडीक तर पडलंय, आजी. द्या की. डोंगर काढून नेतो, तुम्हाला सपाट जागा मिळेल." वर्षभर बाय त्याला ओट्यावरूनच हाकलत होती. पण मागच्या वर्षी ती दादांना म्हणाली, "शांत्या, मला ह्या रानाकडं बघवत न्हाय. येत्या मृगाला वर नाचणी पेरायला जागा झाली तर ठीक. न्हायतर मी अंगठा देते. सडलेलं बघण्यापेक्षा नसलेलं बरं."

दादांनी हे मला दुकानात सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. म्हणाले, "ती बोलली की करते, मंगलताई. डोंगर जाईल."

त्याआधी त्यांनी मजूर लावून बघितले होते. चार दिवसांत उतार लख्ख. श्रावणात गेले तर घाणेरी पुन्हा कमरेला. ती जात अशीच चिवट, एकदा कापून भागत नाही, फुटली की कापायची, पुन्हा फुटली की पुन्हा. तेव्हा दादांनी ठरवलं, मशीन घ्यायचं. आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

साधा माणूस काय करेल? दुकानात जाईल, मशीन बघेल, घेईल. दादांनी प्रत्येक मशीनची माहिती मोबाइलवर उतरवली आणि माझ्याकडून छापून घेतली. बेचाळीस बेचाळीस पानं. मग माझ्याच काउंटरवर उभं राहून लाल पेननं समासात एकच प्रश्न लिहायचे, "उतारावर?" गिऱ्हाईक खोळंबलंय, कुणाला जातीच्या दाखल्याची कॉपी हवीय, कुणाला रेशनकार्डाची, आणि हे मध्ये उभे. कंपन्यांना फोनही इथूनच, स्पीकर लावून.

"तुमचं मशीन किती डिग्रीला घसरतं?"

पलीकडची पोरगी गोड आवाजात, "सर, आमचं मशीन घसरत नाही."

"मग तुम्ही डोंगर बघितलेला नाही, बाळ," म्हणून दादा शांतपणे फोन ठेवायचे. रांगेतले लोक हसायचे. दादांना त्याचं काही नसायचं. स्वतःवर हसलेलं त्यांना कधी लागतच नाही, हे मला वाटायचं. ते खरंही होतं.

सगळे सल्ला द्यायला पुढं. "जेसीबी लावा, अर्ध्या दिवसाचं काम." हे ऐकलं की मात्र दादा तापायचे. "जेसीबी मुळासकट उपटतो. मुळं गेली की माती मोकळी. पहिल्या पावसात डोंगर बायच्या चुलीत येऊन बसेल. वरून कापायचं, मुळं राहू द्यायची. डोंगर मुळांनी धरलाय, मुरमानं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही म्हणेन.

पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्या अकलेनं केला, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भंगारात निघालेल्या लूमची मोटर त्यांनी आणली. तिला चाकं लावली, पुढं करवतीसारखी गोल पाती बसवली, मागं लांबलचक वायर. आठ दिवस गच्चीत खटपट. रंगसुद्धा दिला, निळा. टेम्पोत घालून गावी नेलं, सगळा गाव जमला, दादांनी खटका दाबला. मशीन नुसतं घूंऽऽ करत राहिलं. पाती हलेना. दादांनी नट आवळले, पट्टा सैल केला, वंगण घातलं. घूंऽऽ. बायनं ओट्यावरून विचारलं, "शांत्या, तुझ्या मशीनमध्ये मधमाश्या शिरल्या का रं?"

तेव्हा दादांच्या डोक्यात उजेड पडला. लूमची मोटर थ्री फेजची. गावातल्या घरात वीज सिंगल फेज. चाळीस वर्षांत ज्या माणसानं हजार मोटरी उघडल्या, तो हेच विसरला, कारण चाळीस वर्षांत तो थ्री फेज नसलेल्या जागी कामाला गेलाच नव्हता. भिंतीत जशी वीट तशी कारखान्यात थ्री फेज, ती विचारायची काय! भिवंडीत ही गोष्ट कळल्यावर बाकीचे जॉबर महिनाभर त्यांना बघितलं की घूंऽऽ करायचे. दादाही त्यांच्याबरोबर करायचे.

मग अंबाडी नाक्यावरचे रईसभाई आमच्या गोष्टीत आले. शेतीच्या औजारांचं दुकान, विकतात आणि भाड्यानंही देतात. कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांचा धंदा, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी आणि जीभ माझ्याइतकीच तिखट. त्यांनी आधी पॉवर टिलर, म्हणजे मागून धरून चालवायचा इंजिनाचा नांगर दिला, वर चालवायला माणूसही दिला. दादांनी उतार मोजला, "अठ्ठावीस आहे, जमणार नाही." माणूस म्हणाला, काका, मी डोंगरच नांगरतो. पाच मिनिटांनी टिलर पुढं, माणूस मागं, दोघं ओढ्याकडे. माणूस वेळेवर थांबला. टिलर नाही थांबला.

"चार पायांचं मशीन घ्या मग," रईसभाई चिडून म्हणाले. "बकऱ्या. ना पेट्रोल, ना घसरणं." दादांना गंमत कळत नाही असं नाही, पण ते कुठलीच शक्यता सोडत नाहीत. त्यांनी खरंच पाच बकऱ्या नेल्या. बकऱ्यांनी बायचा तोंडलीचा वेल खाल्ला, वालाच्या शेंगा खाल्ल्या, माझ्या दुकानात छापलेल्या बेचाळीस पानांतली एकोणीस खाल्ली. घाणेरीला तोंड लावलं नाही. आणि त्या शहाण्याच, कारण ती विषारी असते.

राहता राहिला ब्रश कटर. म्हणजे लांब दांडा, एका टोकाला छोटं इंजिन, दुसऱ्या टोकाला फिरती पाती, खांद्याला पट्टा अडकवून चालवायचं. रईसभाईंकडे त्याचे सात-आठ प्रकार होते. मी म्हटलं, सुटलो! एक उचला आणि चला. कसलं काय. खरी परीक्षा तिथंच सुरू झाली, आणि परीक्षेला बसवलं कुणाला, तर मला.

रविवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर अंबाडीला जायची. का जायची, ते मलाही ठाऊक नाही. नवरा म्हणायचा, तुला दुसरं काम नाही. नव्हतंच. तिथं गेलं की दादा म्हणायचे, "मंगलताई, जरा धरा." मी पाच फूट एक इंच. खांद्याला ते धूड, हातात दांडा, डोक्यावर ऊन. "आता दोरी ओढा." ओढायची. "तीनदा ओढून चालू झालं नाही, नापास." पुढचं. "आता फक्त डाव्या हातावर तोला." डाव्या हातावर तोलायचं. "पंधरा मिनिटं चालवा." नाक्यामागच्या पडीक जागेत मी गवत कापतेय आणि येणाजाणारी माणसं एसटीतून वाकून बघतायत.

मग चहाची परीक्षा. पंधरा मिनिटं झाली की मशीन खाली ठेवायचं आणि लगेच काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलायचा. मशीन थरथरणारं असेल तर हातात मुंग्या राहतात, चहा सांडतो. सांडला की मशीन नापास. दोन महिन्यांच्या रविवारांत माझ्या चार साड्यांवर डाग पडले.

"जॉबरसाब," रईसभाई म्हणाले, "मैं मशीन बेच रहा हूं या चाय?"

मी एकदा स्फोट झाल्यासारखी ओरडले. "तुमचे एवढे खांदे आहेत, त्यांचं काय लोणचं घालायचंय? स्वतः उचला की!" दादा अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "मी उचललं तर सगळीच हलकी वाटतात. मग निवडायचं कसं?" मी पुढचं मशीन उचललं.

शेवटी वैशाखात एक मशीन पास झालं. सगळ्यांत छोटं. पेट्रोल वेगळं, ऑइल वेगळं, दोन्ही मापून मिसळायची कटकट नाही. दोरी एका ओढीत चालू. वजन माझ्या बाजारच्या पिशवीपेक्षा कमी. माझा चहा एक थेंब सांडला नाही. रईसभाईंना पटेना. "ये तो खिलौना है, साब. घाणेरीची बुडं मनगटाएवढी असतात. तुमच्यासारख्या पहिलवानानं मोठं घ्यायला पाहिजे." दादा म्हणाले, "जाड बुडं मी कोयत्यानं आधी काढून देईन. मला हेच पाहिजे." देईन, असं म्हणाले ते. मी ऐकलं, पण माझं लक्ष कुठं होतं! मी सुटले याच आनंदात होते.

मृगाला महिना उरला होता. पुढच्या रविवारी रईसभाईंच्या टेम्पोत मशीन चढलं आणि दादांनी मलाही चढवलं. "तुम्ही पाहिजेच," म्हणाले. वाटेत कोनमापकसुद्धा काढला नाही.

गाव आलं की दादांचा 'आहे' जाऊन 'हाय' येतो. बायनं पाणी दिलं, मशीनकडे बघितलं, "हे का? ह्याच्यात काय शिरलंय?" म्हणाली आणि ओट्यावर बसली. दादांनी मला परसात नेलं. एवढा मोठा माणूस, शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखा दिसत होता.

"मंगलताई, एक काम हाय. आधी तुम्ही चालवून दाखवा."

"मी? आता तरी तुम्ही चालवा!"

"मी चालवलं तर बाय म्हणंल, गड्याचं काम हाय. तुम्ही चालवलंत तर..."

त्यांची नजर माझ्या मागं गेली. मी वळून ओट्याकडे पाहिलं. बाय गुडघे जवळ घेऊन बसली होती. उठली तर माझ्याच उंचीची. उजवं मनगट वाकडं, म्हणून पाण्याचा तांब्या डाव्या हातात. आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं लागलं. डाव्या हातावर तोला. दोरी तीनदा. माझी उंची, माझे खांदे, माझा चहा. अगं बाई! हा माणूस दोन महिने माझ्या अंगावर त्याच्या बहिणीचं माप घेत होता.

"दादा, हे तिच्यासाठी घेतलंत?"

"मग कुणासाठी? घाणेरी पुन्हा पुन्हा कापायला लागते. डोंगराशी रोज कोण हाय? मी का? डोंगर तिनंच राखलाय, तीच राखंल."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"लोक हसले असते. माझ्यावर हसू दे, किती हसायचं तितकं. पण सत्तरीची बाय मशीन चालवणार म्हणून हसले असते, आन् ते तिच्या कानावर गेलं असतं, तर तिनं हात लावला नसता."

मी पदर खोचला, मशीनबरोबर आलेला गॉगल चढवला, पट्टा अडकवला आणि उताराच्या पायथ्याशी उभी राहिले. आयुष्यात कुठलं काम एवढ्या निष्ठेनं केलं नसेल. पण नाक्यावरचं सपाट गवत वेगळं आणि डोंगर वेगळा. मी सरळ वर तोंड करून निघाले. चार पावलांत पाय सटकला, पाती हवेत, कापलेला पाला सगळा माझ्या तोंडावर.

"अगं ये!" बाय ओट्यावरून खाली आली होती. "झाडू हाय का तो? आन् अशी डोकं वर करून कुठं निघालीस, सरगात? आडवं चालायचं. आडवं! खालून सुरुवात करायची, उतार डाव्या अंगाला ठेवायचा, पट्टा पट्टा घेत वर जायचं. कापलेलं आपसूक खाली पडतं. दे इकडं."

दादांनी माझ्या पिशवीतून ह्या मशीनचे छापलेले कागद ओढले. सदतिसावं पान काढून माझ्यापुढं धरलं. उतारावर काम करताना आडवं चाला, खालून वर जा, उतार डाव्या बाजूला ठेवा. अगदी तेच.

"बाय, तू म्हणालीस ते इथं लिवलंय."

"कोणी लिवलं?"

"कंपनीनं."

"उशिरा कळलं त्यांना," बाय म्हणाली आणि तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

दादांनी पट्टा तिच्या खांद्यावर चढवला. एक भोक आत घ्यावं लागलं, बाकी सगळं मापात बसलं. तिनं डाव्या हातानं दोरी ओढली. इंजिन एका ओढीत बोललं. बाय दचकली नाही, पण दादा दचकले. मग ती आडवी चालायला लागली. पहिली दहा पावलं सांभाळून, नंतरची जणू पन्नास वर्षं हेच करत आल्यासारखी. करत आलीच होती की! फक्त कोयता बदलला होता. पट्ट्याच्या शेवटाला पोचली, कापलेल्या पट्ट्यावरून परत आली, एक पाऊल वर चढली आणि पुन्हा आडवी निघाली. गावातल्या बायका कुंपणाशी जमल्या. कुणी हसलं नाही. एकीनं तोंडावर हात ठेवला, तो तसाच राहिला.

मी आणि दादा खाली उभे होतो. इंजिनच्या आवाजात ते काहीतरी बोलायला लागले, मला जवळ सरकावं लागलं.

"मी चौदा वर्षांचा होतो. ह्याच डोंगराची नाचणी आन् लाकडं डोक्यावरनं अंबाडीला नेऊन तिनं मला भिवंडीत शिकायला ठेवलं. माझ्या हातात मशीन आलं. तिच्या हातात कोयताच राहिला." ते थांबले. "एकदा कारखाना बघायला आली होती. मी नवाच जॉबर झालेलो, टेचात दाखवत होतो. तिनं लूमवर हात ठेवला आन् इचारलं, हे बायकांना चालवता येतं का रं? मालक हसला. सगळे हसले." मग खाली बघत म्हणाले, "मी पण हसलो, मंगलताई."

वर बाय पुढच्या पट्ट्याला लागली होती.

पुढचे तीन आठवडे दादा गावीच राहिले. पहाटे जाड बुडं कोयत्यानं तोडून ठेवायचे, मग बाय मशीन घेऊन पट्टे काढायची, ऊन चढलं की थांबायची. मला रोज फोन. "आज अकरा पट्टे." "आज वडाखालच्या दगडापर्यंत." मी दुकानात जो येईल त्याला सांगायची. सातबाराची कॉपी काढायला आलेल्या अनोळखी माणसाला मी आधी विचारायची, "तुमच्याकडे सत्तर वर्षांची बाई ब्रश कटर चालवते का? आमच्याकडे चालवते." माझी सख्खी बहीण असल्यासारखा तोरा होता माझा. दादांचा तर विचारूच नका.

मृगाच्या आदल्या रविवारी मी गेले. पायथ्यापासून वरपर्यंत उतार मोकळा. मुळं जागच्या जागी, मधली आपटा-कुड्याची झाडं राखलेली, पायवाट पुन्हा दिसायला लागलेली. बाय वरच्या सपाटीवर शेवटची कड कापत होती. तेवढ्यात मोटरसायकल आली. गॉगलवाला. हातात कागदांची फाइल.

"आजी कुठं आहेत? मृगापर्यंत थांबा म्हणाल्या होत्या, मुदत संपत आली."

दादा तोंड उघडणार, तोच वरून इंजिन थांबलं आणि बायचा आवाज आला. "कोण हाय? वर ये. वर येऊन बोल."

गॉगलवाल्यानं उताराकडे बघितलं, आपल्या टोकदार बुटांकडे बघितलं. चार पावलं चढला, पाचव्याला गुडघ्यावर आला. फाइल घरंगळत खाली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले, कारण गॉगलही फाइलीमागं गेला.

"ऱ्हाऊ दे, तिथनंच ऐक," बाय म्हणाली. "परवा इथं नाचणी पेरायची हाय. डोंगर देयाचा न्हाय. पुन्हा आलास तर चहा प्यायला ये."

तो गेला. बाय मशीन खांद्याला तसंच ठेवून पायवाटेनं खाली आली. लुगडं हिरव्या डागांनी भरलेलं, घामानं भिजलेली, चेहरा नुकत्याच न्हालेल्या पोरीसारखा. मशीन ओट्यावर ठेवून म्हणाली, "शांत्या, सकाळपासनं मधीच दम खातंय हे. प्लग काळा पडला आसंल."

दादा सवयीनं पिशवीकडे वळले, पाना काढला आणि मशीनशी वाकले.

"सरक," बाय म्हणाली. "मी बघते. पाना दे."

आता हे सांगायला हवं की दादांचा पाना म्हणजे दादांचा पाना. चाळीस वर्षांत तो दुसऱ्याच्या हातात गेलेला नाही. मालकानं मागितला तरी ते म्हणायचे, काम सांगा, मी करतो. हाताखालचे किती जण शिकून जॉबर झाले, पण पाना प्रत्येकानं आपापला आणला. दादा क्षणभर पाना हातात धरून तसेच राहिले. मग त्यांनी तो उलटा केला, मूठ तिच्याकडे करून दिला.

बाय उकिडवी बसली. डाव्या हातानं पाना लावला, वाकड्या उजव्यानं मशीन दाबून धरलं आणि एका झटक्यात प्लग सैल केला. काढून उन्हात धरला, फुंकर मारली, पदरानं पुसला.

दादा बाजूला उभे होते. हात रिकामे, कुठं ठेवावे ते कळत नव्हतं. डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की कुंपणापलीकडच्या बायकांनीही वळून बघितलं.

"बघितलंत ना? ही माझी बाय हाय."